ठेक्यावर पाऊल: पार्किन्सन्समधल्या चालीसाठी बारा आठवडे

पार्किन्सन्समध्ये चाल सुधारायला तालाचा उपयोग करतात, हे बऱ्याच जणांनी कुठे ना कुठे वाचलेलं असतं. करतात म्हणजे नेमकं काय करतात, हे कळायला मात्र प्रशिक्षणाच्या खोलीत जावं लागतं. माझ्या बाबांचं (वय ६८, निदान होऊन ५ वर्षं) बारा आठवड्यांचं प्रशिक्षण आणि नंतरची फेरतपासणी नुकतीच पार पडली. ज्यांच्या हातात आत्ता फक्त डॉक्टरांची चिठ्ठी आहे, त्यांच्यासाठी वहीतल्या नोंदी सलग लिहून काढते आहे. नोंदी कंटाळवाण्या आहेत. प्रशिक्षणही बरंचसं कंटाळवाणंच असतं.

चिठ्ठी मिळाली २ डिसेंबरला. तिच्यावर नुसतं ‘फिजिओथेरपी’ लिहिलेलं होतं आणि आम्हीही ते वाचलं नाही. नोंदणीच्या खिडकीवरच्या माणसाने साहजिकच आमचं नाव गुडघे-कंबरवाल्यांच्या यादीत घातलं. चूक लक्षात येऊन चिठ्ठी बदलून आणेपर्यंत आठ दिवस गेले. तेव्हा डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडण्याआधी चिठ्ठी वाचा. आजाराचं नाव, गेल्या सहा महिन्यांत किती वेळा पडले तो आकडा आणि ‘तालाच्या आधाराने चालण्याचं प्रशिक्षण’ असा स्पष्ट उल्लेख, एवढं तिच्यावर हवंच. नवी चिठ्ठी अशी होती, तरी पहिली तारीख मिळाली १३ जानेवारीची.

मधल्या दिवसांत कागद भरायचे असतात. औषधांची यादी, पण वेळांसकट: गोळी किती वाजता, परिणाम किती वाजता जाणवतो, किती वाजता ओसरतो. पडण्याची नोंद: तारीख, जागा, कोणत्या बाजूला पडले, त्याआधीची गोळी कधी घेतली होती. पाय चिकटण्याबद्दलची (म्हणजे चालायचं असूनही पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात त्याबद्दलची) सहा प्रश्नांची एक प्रश्नावली आणि रोजच्या जगण्याबद्दलची ३९ प्रश्नांची दुसरी. चालतानाचं चित्रीकरण करायला संमतिपत्र. ती ३९ प्रश्नांची प्रश्नावली आम्ही बाबांच्या वतीने भरून टाकली होती आणि ती परत आली. ती रुग्णानेच भरायची असते. घरचे लोक सहसा रुग्णापेक्षा जास्त काळं चित्र रंगवतात, म्हणून पुढची तुलनाच बिघडते. हात थरथरत असेल तर लिहायला मदत चालते, उत्तर सुचवलेलं चालत नाही.

आणखी एक काम याच काळात उरकून घ्या: कानांची तपासणी. ताल कानातून जाणार असेल तर कान काय करतायत हे आधी कळायला हवं. बाबांच्या श्रवणयंत्रात बोलणं ऐकू यावं म्हणून मागचा आवाज दाबायची सोय होती. ते यंत्र वाद्यांनाही ‘मागचा आवाज’ समजायचं, मोठे ठोके दाबायचं, बारीक आवाज वर काढायचं. सगळे ठोके सारखेच ऐकू आल्यावर जोर कुठे आहे ते कळणार कसं? यंत्र बसवणाऱ्याने संगीतासाठी वेगळा कार्यक्रम लावून दिला, दहा मिनिटांचं काम. हे आधी माहीत असतं तर घरी गाणी लावून ‘ऐका ना ठेका’ म्हणत घालवलेला महिना वाचला असता.

१३ जानेवारी. पहिल्या दिवशी संगीत नावालाही नव्हतं. १४ मीटरचा सरळ पट्टा, जमिनीवर चिकटपट्टीच्या चार खुणा: सुरुवात, २ मीटर, १२ मीटर, शेवट. माणूस सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालतो, पण स्टॉपवॉच फक्त मधल्या १० मीटरसाठी चालतं, कारण वेग घेताना आणि थांबताना चाल खरी नसते. तीन फेऱ्यांची सरासरी काढतात. मग वेगळी एका मिनिटाची पावलं मोजतात. बाबांचे १० मीटर १२.५ सेकंदांत झाले, मिनिटाला पावलं १०४. पुढचा हिशेब घरीही करता येतो. १० भागिले १२.५ म्हणजे सेकंदाला ०.८ मीटर, म्हणजे मिनिटाला ४८ मीटर. ४८ भागिले १०४ म्हणजे एक पाऊल ४६ सेंटीमीटरचं. हे तिन्ही आकडे (वेग, दर मिनिटाची पावलं, पावलाची लांबी) वहीच्या पहिल्या पानावर लिहा. बारा आठवडे सगळं त्यांच्याभोवतीच फिरतं.

दुसरी चाचणी खुर्चीवरून उठून ३ मीटर चालत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. बाबांना १५.२ सेकंद लागले. त्यातले जवळजवळ पाच सेकंद नुसत्या वळण्यात गेले, हे चित्रीकरण संथ करून पाहिल्यावर दिसलं. आठ बारीक पावलं टाकत, एका जागी भोवऱ्यासारखं. मग आडवं आणि उभं राहून रक्तदाब. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर आधी त्याचा बंदोबस्त करावा लागतो, नाहीतर ठेक्यावर उठताना चक्कर यायची आणि दोष तालाला जायचा. बाबांचा ८ ने उतरला, चाललं.

ही सगळी मोजमापं गोळी घेतल्यापासून एक तासाने झाली. फेरतपासणीही अगदी त्याच अंतराने करतात. वेळ बदलली तर आपण तालाचा परिणाम मोजतोय की लिव्होडोपाचा (गोळीतल्या औषधाचा), हे सांगता येत नाही.

आता हे सगळं चालतं कशामुळे, तेही थोडक्यात, कारण कारण कळलं की घरी होणाऱ्या अर्ध्या चुका टळतात. आपण चालताना प्रत्येक पावलाचा विचार करत नाही. ‘आता पुढचं’ ही सूचना मेंदूच्या खोल भागातली बेसल गँग्लिया नावाची केंद्रं पुरवत राहतात. पार्किन्सन्समध्ये त्यांना डोपामाइन नावाचं रसायन पुरवणाऱ्या पेशी मरत जातात. पायात ताकद असते, सांधे ठीक असतात, पण सूचना वेळेवर आणि पुरेशा जोमाने येत नाही. मग पावलं तोकडी होतात, हात हलेनासे होतात, दारात पाय चिकटतात. बाहेरून आलेला ठोका ही उणीव काही अंशी भरून काढतो. ऐकण्याचे आणि हालचालीचे भाग मेंदूत एकमेकांशी घट्ट जोडलेले आहेत. निरोगी माणूस स्कॅनरमध्ये निश्चल पडून नुसता ठेका ऐकत असला, तरी हालचालीची तयारी करणारे भाग कामाला लागलेले दिसतात. लहान मेंदू आणि पुढचा हालचाल-नियोजनाचा भाग धरून हा ठोका बिघडलेल्या रस्त्याला वळसा घालतो, असं मानलं जातं.

यातला सगळ्यात उपयोगी मुद्दा अंदाजाचा आहे. कोणालाही ठेक्यावर बोट आपटायला सांगा. बोट ठोक्याच्या किंचित आधीच पडतं. ऐकून मग हलायचं म्हटलं तर दीडशे मिलिसेकंद तरी जातील आणि माणूस कायम मागे राहील. मेंदू ठोक्याची वाट पाहत बसत नाही, पुढचा कधी येणार ते आधीच हेरून ठेवतो. म्हणून ठोके काटेकोर सारख्या अंतराने हवेत. आम्ही घरी बाबांच्या पुढे चालत टाळ्या वाजवायचो. ते थेरपिस्टने पहिल्याच दिवशी बंद केलं. टाळी वाजवणारा नकळत चालणाऱ्याच्या पायांकडे बघतो आणि त्याच्या मागे जातो. पाऊल रेंगाळलं की टाळी रेंगाळते. मग कोण कोणाला चालवतंय?

पहिला आठवडा तालाचा वेग रुग्णाच्या मूळ चालीइतकाच ठेवतात, वाढवत नाहीत. आमच्यासाठी १०४. आधी खुर्चीत बसून जागच्या जागी पावलं, दोन मिनिटं. मग उभं राहून, भिंतीला हात टेकून, वजन डावीकडून उजवीकडे. मग चालणं. सुरुवात नेहमी मोजून: चार ठोके ऐकायचे, तिसऱ्या-चौथ्याला वजन उजव्या पायावर न्यायचं, पाचव्याला डावा पाय उचलायचा. हे वजन नेणं फार महत्त्वाचं आहे. सुरुवातीला पाय चिकटतात तेव्हा वजन बहुतेक वेळा दोन्ही पायांवर अडकलेलं असतं. ज्या पायावर उभे आहात तो उचलणार कसा? ‘चला, पुढे या’ असं ओरडण्यापेक्षा ‘काका, आधी उजवीकडे झुका’ हे थेरपिस्टचं वाक्य शंभर पटीने उपयोगी पडलं.

रोज तीस मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. दोन दिवस केंद्रात, तीन घरी. सोबतीचा माणूस ज्या बाजूला जास्त त्रास आहे त्या बाजूला, अर्धं पाऊल मागे. हात धरायचा नाही, कमरेचा पट्टा धरायचा. हात धरला की तो हात हलायचा थांबतो आणि आपण त्यांना नकळत ओढायला लागतो. चालताना गप्पा बंद. मी पहिल्या आठवड्यात ‘बरं वाटतंय ना बाबा?’ विचारलं आणि ते उत्तर द्यायला जागच्या जागी थांबले.

यंत्रांच्या गमती याच आठवड्यात कळल्या. मेट्रोनोमची (ठरलेल्या वेगाने टक्-टक् ठोके देणारी) फुकट अ‍ॅप पुरते, काही विकत घ्यावं लागत नाही. पण फोन विमान मोडवर टाका आणि ब्लूटूथ वेगळं चालू करा. तिसऱ्या दिवशी मध्येच फोन आला, ठोका बंद पडला आणि एक पाऊल हवेत असताना बाबा खिळले. पडले नाहीत ते कमरेच्या पट्ट्यामुळे. ब्लूटूथमध्ये आवाज थोडा उशिरा पोचतो, त्याने चालणाऱ्याचं काही बिघडत नाही, कारण उशीर प्रत्येक ठोक्याला सारखाच असतो. बिघडतं कधी, तर बाबांच्या कानात हेडफोन आणि माझ्यासाठी फोनचा स्पीकर असं दोन्ही चालू असेल तेव्हा. दोन ठोके एकमेकांवर आदळतात. घराबाहेर दोन्ही कान बंद करू नका. कमरेला लावायचा छोटा स्पीकर उत्तम, नाहीतर एकाच कानात.

टक्-टक् ऐकून दहाव्या दिवशी सगळ्यांनाच वैताग आला आणि गाण्यांची निवड सुरू झाली. इथे आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला.

घरच्यांच्या डोक्यात यादी तयार असते: बाबांची आवडती गाणी. त्यातली बहुतेक बाद झाली. एक तर, मधेच ठेका थांबतो, आलाप येतो, कडव्याआधी लय सैल होते. दुसरं, तीनच्या गटात चालणारी गाणी. दादऱ्याच्या अंगाची लय ऐकायला गोड, पण प्रत्येक मात्रेला एक पाऊल टाकलं तर जोराची मात्रा एकदा डाव्या पायावर येते, पुढच्या वेळी उजव्यावर. पायांना डावं-उजवं म्हणजे दोनचा हिशेब कळतो. केरव्यासारखी चार-आठच्या पटीतली लय सरळ बसते. तिसरं, ठोक्याच्या मधेमधे फार नक्षीकाम असलेली गाणी. तबलजीची करामत कानाला जिंकते आणि पायाला हरवते.

चौथं कारण आम्हाला अपेक्षित नव्हतं. फार जिव्हाळ्याचं गाणं लागलं की बाबा चालायचे थांबून ऐकत राहायचे आणि हाताचा कंप वाढायचा. पार्किन्सन्सचा कंप भावना उचंबळल्यावर वाढतो. दुःखानेही, आनंदानेही. २०११ साली एका अभ्यासात स्कॅन करून दाखवलं होतं, की आवडत्या संगीताने अंगावर काटा येतो त्या क्षणी आणि त्याच्या आधीच्या प्रतीक्षेतही मेंदूत डोपामाइन सुटतं. ते वाचून ‘मग आवडतीच गाणी लावा की, डोपामाइन मिळेल’ असा सल्ला बरेच जण देतात. तो अभ्यास निरोगी लोकांवरचा होता, आणि गाण्याने मेलेल्या पेशी परत येत नाहीत. चालायला लागते ती ओळखीची, उत्साही, पण ‘आपण मागे ठेवून चालू शकतो’ अशी गाणी. काळजाला हात घालणारी संध्याकाळी खुर्चीत बसून ऐकायला ठेवली. दोन याद्या करा, मिसळू नका.

गाण्याचा वेग मोजायचा तर १५ सेकंद ठोके मोजून चारने गुणा. आपल्या आकड्याच्या जवळ असेल तर सूर न बदलता वेग कमी-जास्त करणाऱ्या अ‍ॅपने नेमका बसवता येतो. पाच-सहा टक्क्यांच्या पुढे ताणलं की गाणं विचित्र वाटायला लागतं. गाण्याखाली मेट्रोनोमचा हलका ठोका मिसळून ठेवला तर आणखी बरं. शेवटी ४१ गाण्यांतून ९ टिकली.

तिसऱ्या आठवड्यात वेग वाढवायचा असतो, एकावेळी पाच ते दहा टक्के. १०४ वरून पाच टक्के म्हणजे १०९, तिथे ठीक चाललं. उत्साहाच्या भरात मी घरी ११४ लावलं. बाबा झपाझप चालले, घरात टाळ्या. दुसऱ्या दिवशी थेरपिस्टने त्याच वेगावर मोजलं: १० मीटर, १२.४ सेकंद. म्हणजे चालण्याचा वेग जवळपास जानेवारीतलाच, पावलं मिनिटाला दहा जास्त, आणि पाऊल ४६ वरून ४२ सेंटीमीटरवर. कानाला प्रगती वाटत होती, जमिनीवर पाऊल आखडलं होतं. पार्किन्सन्समध्ये हा मोठा धोका आहे. पावलं लहान आणि घाईची होत जातात, शरीर पुढे झुकतं आणि माणूस स्वतःच्याच मागे धावल्यासारखा पडतो. म्हणून नुसता ‘जमतंय का’ हा निकष धरू नका, दर वेळी पावलाची लांबी काढा. लांबी घटली की मागे या.

आम्ही १०४ वर परत आलो आणि सूचना बदलली. ‘ठोक्यावर पाऊल’ ऐवजी ‘ठोक्यावर टाच, मोठं पाऊल’. चालायच्या पट्ट्यावर दर ५५ सेंटीमीटरवर आडव्या चिकटपट्ट्या लावल्या, आठवडाभर त्या डोळ्यांसमोर ठेवून चाललो, मग काढून टाकल्या. पाचव्या आठवड्यात १०९ वर परत गेलो तेव्हा पाऊल ४९ सेंटीमीटर होतं.

ज्यांचे पाय वारंवार चिकटतात त्यांच्यासाठी वेगळा नियम आहे: मूळ चालीपेक्षा वेग वाढवायचा नाही, उलट दहा टक्के कमी करून पाहायचा. जलद ठोक्याने त्यांची पावलं तोकडी होतात आणि चिकटणं वाढू शकतं. बाबांचे पाय फक्त स्वयंपाकघराच्या दारात चिकटायचे. त्यासाठी ९४ चा वेगळा ठोका ठेवला. दारात थांबायचं, उसासा टाकायचा, चार ठोके ऐकायचे, वजन उजवीकडे, डावा पाय उंबऱ्यापलीकडे. घाईघाईत दारातून जाताना हे आठवत नाही, म्हणून दिवसातून दहा वेळा मुद्दाम त्या दारातून ये-जा.

सहाव्या आठवड्यापासून नृत्यवर्ग जोडला. आठवड्यातून दोनदा, एक तास. यालाही कागद लागतात: डॉक्टरांचं ‘व्यायामास हरकत नाही’ हे पत्र (तीन महिन्यांच्या आतलं, आमचं चार महिन्यांचं निघालं, पुन्हा फेरी), पडण्याची नोंद, संपर्काचे दोन नंबर, सोबतीला एक जण राहील अशी लेखी हमी. पहिला वर्ग नुसता बसून पाहायची मुभा असते, ती जरूर घ्या. नाचाचं नाव काढल्यावर संकोचणारा माणूस पाहून आला की अर्धा तयार होतो.

पार्किन्सन्ससाठीचे असे वर्ग नवे नाहीत. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनला मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने २००१ मध्ये ते सुरू केले आणि तो ढाचा पुढे पुष्कळ ठिकाणी गेला. पहिला भाग खुर्चीत, मग आधाराचा दांडा धरून, मग खोलीभर. अर्जेंटिनाच्या टँगो या जोडीने करायच्या नाचावर याहून जास्त मोजमाप झालं आहे, आणि त्याचं कारण वर्गात करून पाहिल्यावर समजलं. टँगोत चालणं, मधेच थांबणं, पुन्हा सुरू करणं, मागे पाऊल टाकणं आणि वळणं, एवढंच मुख्यतः असतं. म्हणजे पार्किन्सन्समध्ये नेमकं जे जे अडतं तेच. वर जोडीदाराच्या हाताचा दाब कोणत्या पायावर वजन न्यायचं ते सांगतो. २००९ च्या एका अमेरिकी अभ्यासात १३ आठवड्यांत २० वर्ग घेऊन रुग्णांचा तोल सुधारल्याचं दिसलं होतं.

वळण्यावर तीन आठवडे गेले. एका जागी भोवऱ्यासारखं न फिरता मोठ्या कमानीत वळायचं. जागाच नसेल तर घड्याळाची कल्पना करायची: बाराकडे तोंड, मग पाय तीनकडे, सहाकडे, दर ठोक्याला एक पाऊल, पाय उचलून. गुडघा फिरतो आणि तळवा जमिनीला चिकटून राहतो तिथे तोल जातो, म्हणून बुटाचा तळ फार घट्ट पकडणारा नको. रबरी जाड तळाचे बूट चालायला चांगले, वळायला वाईट. गुळगुळीत तळ तर मुळीच नको. मागे पाऊल टाकायचं ते कायम कोणीतरी पाठीशी असतानाच.

भावनांचं इथे लिहायला हवं, कारण फॉर्ममध्ये त्याला रकाना नव्हता. चालण्याच्या सरावात बाबा आज्ञाधारक होते, एवढंच. निरुत्साह हा या आजाराचाच भाग आहे, आळस नव्हे; त्यामागेही बऱ्याच अंशी डोपामाइनची कमतरताच असते. नृत्यवर्गाच्या दुसऱ्या आठवड्यात खुर्चीतला भाग चालू असताना शिक्षिका म्हणाल्या, “आता हाताने पाणी उडवा, समोरच्याच्या अंगावर.” बाबांचा डावा हात जानेवारीपासून कमरेच्या वर गेलेला मी पाहिला नव्हता. तो खांद्याच्या वर गेला आणि समोरच्या काकूंनी खरोखर चेहरा झाकला. ‘हात वर करा’ ही आज्ञा आणि ‘पाणी उडवा’ ही कल्पना, दोन्हींत स्नायू तेच. वर्गाहून येताना ते स्वतःहून बोलायचे. नऊ जणांनी एका ठोक्याला एकत्र हलण्याने काय होतं, ते मला सेकंद-सेंटीमीटरांत मांडता येत नाही. पण त्या ३९ प्रश्नांत ‘लोकांत जायला लाज वाटते का’ या अर्थाचा प्रश्न होता, त्यावरचं बाबांचं उत्तर शेवटी दोन घरं खाली आलं होतं.

नवव्या आठवड्यापासून ताल काढून घ्यायला सुरुवात. हा टप्पा लोक विसरतात, आणि माझ्या मते सगळ्या मेहनतीचं सार इथेच आहे. माणूस आयुष्यभर स्पीकर कमरेला बांधून फिरणार नाही. तेव्हा आधी आवाज लहान करतात. मग ३० सेकंद ताल, ३० सेकंद शांतता, चालणं तसंच चालू. मग ३० आणि ६०. शांततेत पाऊल आखडलं की पुन्हा ताल. आवाजाच्या जागी मनातल्या मनात गाणं म्हणायचं. ओठ न हलवता, पण शब्दांसकट. मनात गाणं म्हणत चालल्याने पावलांतली अनियमितता नुसतं संगीत ऐकण्यापेक्षाही जास्त कमी होते, असं अभ्यासांत आढळलं आहे. कानातल्या ठोक्याला पाय जुळवण्याचा ताण त्यात नसतो, ठोका आपलाच असतो. मोठ्याने गायलं तर श्वास अपुरा पडतो. बाबांनी त्या नऊ गाण्यांतलं एकच निवडलं आणि सगळीकडे तेच वापरलं. कोणतं ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. चालताना हनुवटी बारीक हलते, त्यावरून लय कळते, शब्द नाही.

७ एप्रिलला फेरतपासणी. गोळीनंतर एक तास, तोच पट्टा, ताल नाही. १० मीटर १०.६ सेकंदांत, मिनिटाला १०८ पावलं, पाऊल ५२ सेंटीमीटर. खुर्चीवरून उठून परत बसायला १२.६ सेकंद. वळताना आठाऐवजी पाच पावलं. कंप होता तसाच, तालाने तो कमी होत नाही आणि तशी अपेक्षा ठेवू नका. बारा आठवड्यांत दोनदा पडले, दोन्ही वेळा रात्री, गोळीचा परिणाम ओसरल्यावर, स्नानगृहाच्या वाटेवर. त्या वेळेसाठी ताल हे उत्तर नाही. तिथे भिंतीला दांडा आणि पायाशी दिवा लावला.

मग एप्रिल-मे मध्ये नृत्यवर्गाला सुट्टी होती आणि घरचा सराव पाच दिवसांवरून दोनावर आला. १९ मेच्या मोजणीत १० मीटर ११.४ सेकंद, पाऊल ५० सेंटीमीटर. आम्ही खट्टू झालो, थेरपिस्टला आश्चर्य वाटलं नाही. युरोपातल्या तीन देशांत १५३ रुग्णांवर झालेल्या २००७ च्या अभ्यासातही तीन आठवड्यांच्या घरच्या प्रशिक्षणाने चाल सुधारली होती आणि सहा आठवड्यांनी ती सुधारणा बरीचशी ओसरली होती. नवा कागद मिळाला आहे: आठवड्यातून किमान चार दिवस, वीस मिनिटं, एक दिवस तालासह आणि तीन दिवस मनातल्या गाण्यावर, महिन्यातून एकदा घरच्या पट्ट्यावर मोजणी. पट्टा १४ मीटरचा मिळत नसेल तर ६ मीटर मोजा आणि दोन्ही टोकांना एकेक मीटर सोडा, फक्त दर वेळी तोच पट्टा ठेवा. आमचा मागच्या गच्चीवर आखलेला आहे. पावसाने चिकटपट्टी निघते, म्हणून खुणा रंगाने केल्या.